आर. एल. स्टाईन : आधी पोरांना हसवलं, मग घाबरवलं

कोजागिरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुलं झोपलीयेत तर लिहूनच टाकते. आम्ही चौघीजणी मिळून सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर शनिवारी मुलांसाठी छोटी लायब्ररी चालवतो. दोन कपाटं, एक सतरंजी आणि लोकांनी दिलेली पुस्तकं.

गेल्या महिन्यात एक दहा वर्षांचा मुलगा आला, खरं तर बहिणीला सोडायला आला होता, त्याला पुस्तकांशी काही देणंघेणं नव्हतं. कपाटाच्या खालच्या फळीवर कोणीतरी दिलेली जुनी गूजबम्प्स (म्हणजे अंगावरचा काटा), आर. एल. स्टाईनच्या मुलांसाठीच्या भयकथांच्या मालिकेतली पुस्तकं, पडली होती. ज्यांनी पाहिलीयेत त्यांना आठवत असेल, जुन्या कव्हरवर नावाची अक्षरं उठावाची असायची, हात फिरवला की खरंच अंगावर काटा आल्यासारखं खरखरीत लागायचं. हा पोरगा अंगठ्याने तीच अक्षरं घासत बसला, मग पुस्तक उघडलं, आणि मग तिथेच कपाटाला टेकून उभ्याउभ्या वाचायला लागला, एक चप्पल पायात आणि एक बाहेर. बहीण हाका मारतेय आणि हा म्हणतोय थांब ना गं, एवढं एकच पान. ते एक पान संपलं की दुसरं एकच पान. नियम दोन पुस्तकांचा आहे, मी त्याला तीन दिली.

पुढच्या शनिवारी दुसऱ्या एका मुलीची आई म्हणाली की असली भुताखेताची पुस्तकं कशाला ठेवता, काहीतरी चांगलं ठेवा. मला तेव्हा पटकन उत्तर सुचलं नाही. घरी येऊन या लेखकाबद्दल जे मिळेल ते वाचत गेले, त्याच्या मुलाखती ऐकल्या, आणि मला जे कळलं ते इतकं आवडलं की इथे सांगावंसं वाटतंय.

हा माणूस मुळात भयकथांचा लेखक नाहीच! रॉबर्ट लॉरेन्स स्टाईन, जन्म ८ ऑक्टोबर १९४३, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं कोलंबस. घरची परिस्थिती बेताची. नऊ वर्षांचा असताना माळ्यावर एक जुना टाईपरायटर सापडला, तो खोलीत आणून बसला आणि विनोदाची छोटी छोटी मासिकं टाईप करायला लागला. आई म्हणायची बाहेर जाऊन खेळ जरा. पण हा भित्रा आणि बुजरा, ते एक बोट काही थांबलं नाही. एक बोट म्हणजे खरंच एकच, तो सगळी पुस्तकं एका बोटाने टाईप करत आलाय!

कॉलेजात गेला तर तिथेही विनोदी मासिक. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचं 'सनडायल', त्याचा तो संपादक होता. १९६५ ला पदवी, मग एक वर्ष शाळेत शिकवलं, पैसे साठवले आणि न्यूयॉर्क गाठलं. १९६८ ला स्कॉलास्टिक या प्रकाशन संस्थेत शाळकरी मुलांच्या मासिकात लागला, आणि १९७५ पासून 'बनानाज' नावाचं निव्वळ विनोदाचं मासिक काढायला लागला, ते जवळजवळ दहा वर्षं चाललं. पुस्तकांवर नाव यायचं जोव्हियल बॉब स्टाईन, म्हणजे आनंदी बॉब. १९७८ चं पहिलं पुस्तक 'हाऊ टू बी फनी'.

'ब्लाइंड डेट' ही पहिली भयकादंबरी आली १९८६ ला. तेव्हा तो बेचाळीस-त्रेचाळीसचा होता. म्हणजे लोक ज्या वयात आता काय नवीन करायचं म्हणतात त्या वयात याने रस्ता बदलला. आणि माझं म्हणणं असं आहे की रस्ता बदललाच नाही, तोच रस्ता पुढे गेला. त्याची भुतं चालली कारण त्याआधी इतकी वर्षं तो मुलांना हसवायला शिकला होता. यावर तुमचं काय मत आहे ते ऐकायचंय.

गच्चीवरचा_वारा

कोजागिरी, काय आठवण काढलीत हो! माझी सगळी गूजबम्प्स मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेली. बाबांचं ऑफिस तिकडे होतं, महिन्यातून एकदा ते घेऊन यायचे, मी नंबर लिहून द्यायचो चिठ्ठीवर, आणि ते आणायचे ते भलतंच असायचं पण मी तेही वाचायचो. मी मराठी माध्यमाचा, पाचवीपासूनचं इंग्रजी, त्यामुळे पहिलं पुस्तक वाचताना अर्धे शब्द कळले नाहीत. पण पुढे काय झालं हे कळल्याशिवाय झोप येईना म्हणून डिक्शनरी घेऊन बसलो. माझं इंग्रजी वाचन जे सुरू झालं ते त्या फुटपाथच्या पुस्तकांवर, हे मी छातीठोकपणे सांगतो.

'ब्लाइंड डेट' चा किस्सा माहितीये का? स्कॉलास्टिकच्याच संपादक बाईंबरोबर तो जेवायला गेला होता, त्या म्हणाल्या तू टीनएज मुलांसाठी भयकादंबरी लिही, नाव 'ब्लाइंड डेट' ठेव. नाव आधीच दिलेलं! हा हो म्हणाला आणि मग पळत पुस्तकाच्या दुकानात गेला, टीनएज भयकादंबरी म्हणजे नक्की काय असते ते बघायला. पुस्तक जोरात खपलं. मग १९८९ पासून 'फिअर स्ट्रीट' ही मालिका, मोठ्या मुलांची.

ओसरी

मी शिक्षिका आहे, सहावी-सातवीला मराठी शिकवते, त्यामुळे थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. मुलं वाचतात याचा आनंद मलाही आहे. पण माझ्या मुलाची यातली पंधरा-वीस मी वाचलीयेत आणि सगळी एका साच्यातली वाटली. बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, नवीन घर नाहीतर नवीन गाव, आईवडिलांचा विश्वास बसत नाही, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी खांद्यावर हात ठेवतं आणि पान उलटलं की तो हात धाकट्या भावाचा निघतो. एकदा ठीक, दोनदा ठीक. वर्णनं नाहीत, भाषेची श्रीमंती नाही. मूल यातच रमलं तर पुढे त्याला सावकाश उलगडणारी गोष्ट वाचायचा धीर राहील का, ही माझी खरी काळजी आहे.

कोजागिरी

ओसरी, राग कसला, हा प्रश्न मलाही पडला होता. साचा आहे हे खरंच आहे आणि तो स्वतःही ते लपवत नाही.

पण तो खांद्यावरचा हात बघा ना. आधी ताण वाढवायचा, वाचकाला एका दिशेला न्यायचं, आणि मग पान उलटल्यावर भलतंच. ही विनोदाचीच बांधणी आहे. तो स्वतः म्हणतो की हसणं आणि किंचाळणं अगदी शेजारी शेजारी असतं, कोणाच्या मागे जाऊन भॉ केलं तर माणूस आधी दचकतो आणि लगेच हसतो. स्वतः त्याला भयपट बघताना भीती वाटतच नाही म्हणे, हसूच येतं. लहानपणी न्हाव्याच्या दुकानात भयकथांची कॉमिक्स असायची, घरी ती आणायला परवानगी नव्हती, म्हणून हा दर शनिवारी केस कापायला जायचा. डोक्यावर केस उरले नसतील पण गोष्टी वाचून झाल्या. त्या कॉमिक्समध्येही भीतीबरोबर विनोद असायचाच. आणि मोठेपणी त्याचा आवडता लेखक कोण, तर निव्वळ विनोदी लिहिणारा वुडहाऊस!

गूजबम्प्सचं पहिलं पुस्तक जुलै १९९२ चं, 'वेलकम टू डेड हाऊस'. ते बाकीच्यांपेक्षा खूप गंभीर आणि जास्त भीतीदायक आहे, त्याला स्वतःलाच नंतर ते जरा जास्त झालं असं वाटलं. मग पुढच्या पुस्तकांत विनोद वाढत गेला आणि मालिकेची खरी चव तिथे लागली. आमच्या कपाटात दोन्ही प्रकार आहेत, फरक लगेच कळतो.

धीराचा मुद्दा मात्र मी खोडून काढणार नाही. मला एवढंच वाटतं की जो मुलगा काहीच वाचत नव्हता त्याच्यासाठी पहिली पायरी इतकी उंच नको.

न्यूजर्सीकर

मी गेली बरीच वर्षं इकडे आहे, मुलं इथेच वाढली. इथे नव्वदच्या दशकात ही पुस्तकं शाळांच्या लायब्ररीतून काढा म्हणून पालकांनी इतक्या तक्रारी केल्या की अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९९० ते ९९ च्या सगळ्यात जास्त आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत गूजबम्प्स पहिल्या वीसात आहे. म्हणजे कोजागिरीताई, तुमच्या सोसायटीतल्या त्या आई एकट्या नाहीत.

ही मालिका निघाली कशी तेही मजेशीर आहे. त्याची बायको जेन स्वतः संपादक, तिची आणि तिच्या मैत्रिणीची पॅराशूट प्रेस नावाची कंपनी होती, या दोघी याच्या मागे लागल्या की सात ते बारा वयाच्या मुलांसाठी भीतीच्या गोष्टी लिही. हा नाहीच म्हणत होता, त्याला वाटत होतं की 'फिअर स्ट्रीट' चं चाललंय ते बिघडेल. शेवटी म्हणाला चांगलं नाव सुचलं तर बघू. मग एकदा टीव्हीच्या साप्ताहिकात जाहिरात दिसली की चॅनल अकरावर गूजबम्प्स आठवडा, आणि नाव मिळालं!

आणि सुरुवातीला पुस्तकं खपलीच नाहीत हो. काही महिने दुकानात नुसती पडून होती. जाहिरात नाही, काही नाही. मग मुलांनीच एकमेकांना सांगितलं, वर्गात फिरली, आणि एकदम उसळी. १९९७ पर्यंत मूळ मालिकेची ६२ पुस्तकं झाली, त्याच वेळी 'फिअर स्ट्रीट' पण चालू, म्हणजे सरासरी दोन आठवड्याला एक पुस्तक. आजपर्यंत ४० कोटींच्या वर प्रती गेल्यात. टीव्ही मालिका १९९५ ला आली, ती कॅनडात शूट केलेली. २०१५ च्या सिनेमात जॅक ब्लॅकने स्टाईनचं काम केलंय आणि खुद्द स्टाईन शेवटी एका मिनिटासाठी शिक्षक म्हणून येतो, त्या शिक्षकाचं नाव मिस्टर ब्लॅक. माझी मुलगी थिएटरात उभी राहून ओरडली होती बाबा हाच तो!

चाफेकळी

मला ताबडतोब सल्ला हवाय. लेक साडेआठ वर्षांची. तिने मावसभावाकडून तो बोलणाऱ्या बाहुल्याचा भाग आणला आणि तीन रात्री झाल्या, आमच्या दोघांच्या मध्ये झोपतेय. तिच्या खोलीतल्या सगळ्या बाहुल्या तिने गोणीत भरून बाल्कनीत ठेवल्यात. आणि गंमत म्हणजे पुस्तक परत देऊ का म्हटलं तर देऊ देत नाही, रडते. काय करू?

कंदील

चाफेकळी, आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. मी पुस्तक काढून घेतलं नाही. दिवसाउजेडी दोघांनी मिळून मोठ्याने वाचलं, बाहुल्याचा आवाज मी काढला, घोगरा आणि चिरका, मुलगा हसून हसून लोळला. मग त्याने आवाज काढला. दुसऱ्या रात्री स्वतःच्या खोलीत गेला. भीतीला आवाज दिला की ती कमी होते असा माझा अनुभव आहे. पण तिला नकोच वाटत असेल तर चार महिने बाजूला ठेवा, पुस्तक कुठे पळून जात नाही.

अजून एक सांगतो. या पुस्तकांत त्याने काही गोष्टी ठरवून टाळल्यात. बंदुका नाहीत, ड्रग्ज नाहीत, मुलांवरचे अत्याचार नाहीत, आईवडिलांचे घटस्फोट नाहीत. म्हणजे जे मुलाच्या घरात खरंच घडू शकतं ते नाही. मुलाला कुठेतरी आत माहिती असलं पाहिजे की हे खोटं आहे, तरच त्याला भीतीची मजा घेता येते. आणि शेवटी बहुतेक वेळा मूल जिंकतं, मोठ्यांच्या मदतीशिवाय.

कोजागिरी

कंदील, अगदी बरोबर. आणि शेवट गोड नसला तर काय होतं हे त्याने एकदा करून बघितलंय. 'फिअर स्ट्रीट' मधलं 'द बेस्ट फ्रेंड', १९९२ चं. त्यात चांगली मुलगी खुनी ठरते आणि खरी गुन्हेगार मोकळी सुटते. वाचकांनी त्याला पत्रांवर पत्रं पाठवली, मूर्ख आहेस का, असं कसं लिहिलंस. शाळांमध्ये गेला तरी पहिला प्रश्न तोच. शेवटी त्याला दुसरा भाग लिहून ते निस्तरावं लागलं. मला हे फार भावलं, कारण मुलं नुसती घाबरायला येत नाहीत, न्याय मागायला पण येतात.

बाहुल्याचं मूळही सांगते चाफेकळी, तुझ्या लेकीला सांग. तो तीनेक वर्षांचा असताना आई त्याला झोपवताना पिनोकिओ वाचून दाखवायची, मूळ इटालियन गोष्टीतला. त्यात पिनोकिओ बोलणाऱ्या रातकिड्याला हातोड्याने मारतो आणि मग शेगडीवर पाय ठेवून झोपतो आणि त्याचे लाकडी पाय जळून जातात. हे तो कधी विसरला नाही. तो दुष्ट बाहुला तिथून आला. म्हणजे तुझी लेक आज जशी घाबरलीये तसाच एक मुलगा ओहायोत घाबरला होता.

आणि 'द हॉन्टेड मास्क', १९९३. त्याचा मुलगा मॅट लहान असताना हिरवा रबरी राक्षसाचा मुखवटा घालून बसला आणि तो निघेचना. पोरगं ओढतंय, ओरडतंय. स्टाईन म्हणतो, मी मदत करायला हवी होती, पण मी टिपणं काढत बसलो. आणि त्याच पुस्तकात त्या मुलीला आईने बदकाचा ड्रेस शिवलेला असतो ना, तोही त्याच्याच लहानपणचा. हॅलोविनला त्याला काहीतरी भयंकर व्हायचं होतं आणि आईवडिलांनी बदक आणून दिलं, तेच वर्षानुवर्षं घालावं लागलं. त्या मुलीला सगळ्यांना घाबरवायचं का असतं ते या बदकामुळे कळतं. ओसरी, हे पुस्तक तुम्ही वाचलं नसेल तर वाचाच, साचा आहे पण त्या मुलीचं दुखणं खरं आहे.

रानजाई

हे सगळं वाचताना मला सारखे रत्नाकर मतकरी आठवतायत. एका बाजूला 'खेकडा' सारख्या गूढकथा, ज्या मी अजूनही रात्री वाचत नाही, आणि दुसऱ्या बाजूला मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस'. १९६२ ला त्यांनी बालनाट्य संस्था सुरू केली, तेव्हा ते बँकेत नोकरी करत होते, १९७८ पर्यंत केली. 'अलबत्या गलबत्या' मधली आपली चिंची चेटकीण बघा, आधी दिलीप प्रभावळकर आणि नंतर नव्या प्रयोगात वैभव मांगले. मी भाचीला घेऊन गेले होते. चेटकीण प्रेक्षकांत उतरली तेव्हा भाची माझ्या कुशीत घुसली, डोळे घट्ट मिटलेले, पण तोंडाने हसत होती! म्हणजे कोजागिरी म्हणतेय ते शेजारी शेजारी असणं मी बघितलंय. मे २०२० मध्ये मतकरी गेले, कोविडचे दिवस होते, धड निरोपही देता आला नाही कोणाला. याचं मला अजून वाईट वाटतं.

ओसरी

रानजाई, हे मात्र पटलं. मतकरींचा राक्षस मी वर्गात वाचून दाखवते, तोही साच्यातलाच राक्षस आहे आणि मला तो कधी साचेबद्ध वाटला नाही. मी गूजबम्प्सना वेगळा न्याय लावत होते की काय असा विचार करतेय. 'हॉन्टेड मास्क' मागवलंय.

बदलापूरलोकल

मी मुलांसाठी लिहायचा प्रयत्न करतोय, दोन वर्षांत चार ठिकाणांहून साभार परत. मला त्याच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल सांगा ना कोणीतरी, यश मिळाल्यावरचं सगळीकडे असतं.

कोजागिरी

बदलापूरलोकल, तुमच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहिते.

न्यूयॉर्कला आल्यावर त्याने काय काय केलंय बघा. सिनेमा-गायकांच्या फॅन मासिकात काम केलं, तिथे प्रत्यक्ष मुलाखती नसायच्याच, कात्रणं पुढ्यात ठेवायची आणि मुलाखत रचायची. तो म्हणतो कल्पनेने लिहायची सवय तिथे लागली. मग कोल्ड्रिंकच्या धंद्याच्या मासिकात, तिथे कॅन आणि सिरपवर लेख. पुढे रंगवायची पुस्तकं, बबलगमच्या कागदावरचे विनोद, दुसऱ्यांच्या खेळण्यांवरच्या गोष्टी, तेही वेगळ्या नावाने. 'बनानाज' बंद पडलं, मग नोकरीही गेली, घरात चार-पाच वर्षांचा मुलगा. घरी बसून जे मिळेल ते लिहायला लागला. लहान मुलांच्या बाहुल्यांच्या टीव्ही कार्यक्रमाचा मुख्य लेखक होता. कुठलंच काम त्याने हलकं मानलं नाही, आणि ते सगळं पुढे कामाला आलं.

कामाची पद्धत पण सांगते. आधी नाव. कुत्र्याला फिरवताना एकदा डोक्यात आलं, 'से चीज अँड डाय'. मग विचार, कोणाचा फोटो, कसला कॅमेरा, तो पुढे घडणारं वाईट दाखवत असेल तर? मग शेवट ठरवायचा. मग प्रकरणागणिक पूर्ण आराखडा, तो बायकोकडे, म्हणजे संपादकांकडे जातो, तिथे भांडणं होतात, परत लिहायचा. आराखडा पक्का झाला की मग रोज साधारण २,००० शब्द, त्या एका बोटाने. तो म्हणतो विचार सगळा आराखड्यात होतो त्यामुळे लिहिताना अडायला होत नाही. तुम्ही आराखडा करता का? करत नसाल तर एका गोष्टीपुरता करून बघा. आणि साभार परत आलेल्या चारपैकी एखादी मला पाठवाल का? शनिवारी मुलांना वाचून दाखवते, कुठे हसतात आणि कुठे चुळबुळ करतात ते लिहून कळवीन. हे मनापासून म्हणतेय.

बदलापूरलोकल

पाठवतो. आजच रात्री पाठवतो. खूप आभार, खरंच.

चाफेकळी

अपडेट. कंदील यांनी सांगितलं तसं काल दुपारी मोठ्याने वाचलं, बाहुल्याचा आवाज नवऱ्याने काढला. पिनोकिओच्या जळलेल्या पायांची गोष्ट पण सांगितली, त्यावर ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, म्हणजे तो काका पण आईजवळ झोपला असेल. रात्री गोणीतून एक बाहुली आत आली. बाकीच्या अजून बाल्कनीतच आहेत.

कोजागिरी

चाफेकळी, वाचून इतकं बरं वाटलं!

आमच्याकडचं पण सांगते. तो मुलगा काल आला, बहिणीशिवाय, एकटा. तीनपैकी दोन आवडली, एक बोअर झालं म्हणाला, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. स्टाईनला आलेल्या पत्रांपैकी त्याचं लाडकं पत्र असंच आहे, एका मुलाने लिहिलंय की मी तुमची चाळीस पुस्तकं वाचली आणि मला ती फार कंटाळवाणी वाटतात. मी हे त्याला सांगितलं तर तो विचारात पडला, म्हणाला मग चाळीस का वाचली?

आता त्याला बोलणाऱ्या बाहुल्याचा दुसरा भाग हवाय, ३१ नंबरचा. पहिल्या भागात स्लॅपी हा दुष्ट बाहुला शेवटी जागा होतो ना, मग पुढे काय ते त्याला कळायलाच हवंय. आमच्या कपाटात नाही. कोणाकडे असेल, फाटकं असलं तरी चालेल, पानं पूर्ण असू देत, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पोस्टाचा खर्च मी देते. पुढच्या शनिवारच्या आत मिळालं तर फार बरं होईल.